भित्यापाठी राखणदार

भागूबाई हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी एकदा झुरळ दिसलं म्हणून ती टेबलावर चढून बसली, आणि झुरळ गेल्यावरही खाली उतरेना. का, तर ते परत आलं तर? तेव्हा बाबांनी "आमची भित्री भागूबाई" म्हणून जी हाक मारली ती चिकटली ती चिकटलीच. शाळा झाली, कॉलेज झालं, नोकरी लागली, केसांत चांदी दिसायला लागली, तरी नाव मागोमाग आलं. ऑफिसातल्या अर्ध्या लोकांना तर पगारपत्रकावरही हेच नाव असेल असं वाटायचं.

आणि खोटं कशाला बोला, बाई होतीच तशी. गॅस बंद केला की नाही ते बघायला जिना उतरलेली परत वर जायची. कुलूप लावून ओढून बघायची, चार पावलं गेली की मागे येऊन पुन्हा ओढायची. नवरा फिरतीच्या नोकरीवर. त्याचा पोहोचल्याचा फोन येईपर्यंत हिच्या घशाखाली घास उतरत नसे. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," बाबा म्हणायचे. "तू घाबरतेस म्हणून तो येतो." भागूबाईचं म्हणणं उलटं होतं. तो येणारच आहे, निदान कोणीतरी दाराकडे बघत बसलेलं बरं.

अशा माणसाने खरं तर एखाद्या निवांत ग्रंथालयात नोकरी धरावी. हिने धरली रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात, आणि तीही सर्व्हर सांभाळायची.

तो कक्ष म्हणजे एक लांबट हॉल. हॉलमध्ये कानाला हेडफोन लावून फोन घेणाऱ्या बाया आणि बाप्ये, प्रत्येकासमोर स्क्रीन, भिंतीवर शहराचा मोठा नकाशा. हॉलच्या टोकाला काचेची भिंत आणि काचेपलीकडे सर्व्हरची खोली. तिथे बारा महिने थंडी आणि अखंड घरघर. भागूबाईचं टेबल आतल्या बाजूने काचेला लागूनच होतं आणि खुर्चीच्या पाठीवर स्वेटर कायमचा टाकलेला. काम समजायला सोपं होतं. कोणीतरी घाबऱ्याघुबऱ्या फोन करायचं, हॉलमधली बाई पत्ता टाइप करायची, तो पत्ता काचेपलीकडच्या एका सर्व्हरवर जायचा आणि तिथून जवळच्या गाडीतल्या ड्रायव्हरच्या स्क्रीनवर उमटायचा. त्या सर्व्हरला सगळे 'पत्तेवाला' म्हणत. पत्तेवाला चालला की गाड्या चालल्या.

एकदा तो चालला नाही, आणि भागूबाईच्या भीतीला तिथून खरा पत्ता मिळाला.

झालं असं, की पत्तेवाल्याची डिस्क भरली. हे प्रोग्राम दिवसभर आपण काय काय केलं त्याच्या नोंदी फायलीत लिहीत बसतात. त्या फायली कोणी साफ केल्या नाहीत तर फुगत जातात, आणि एक दिवस डिस्कवर तसूभर जागा उरत नाही. घरची टाकी भरली तर पाणी वाहतं, शेजारी ओरडतात. डिस्क भरते तेव्हा काहीच आवाज होत नाही, पुढे जायचे पत्ते नुसते तिथेच अडून राहतात. हॉलमधल्या स्क्रीनवर प्रत्येक पत्त्यापुढे "पाठवला" असं येत होतं, आणि एकही गाडी हलत नव्हती. मग एका बाईचा दुसऱ्यांदा फोन आला. "अहो, ते जिन्यातच पडलेत अजून. गाडी कुठवर आलीय?" तो फोन घेतला होता मावशींनी. मावशी म्हणजे हॉलमधल्या सगळ्यांत जुन्या, आवाजाने खणखणीत, मनाने मऊ. स्क्रीनवर "पाठवला" दिसत होतं म्हणून त्या विश्वासाने म्हणाल्या, "निघालीय हो, येतेच आहे." ती निघालीच नव्हती.

तो माणूस गेला. डॉक्टर म्हणाले, गाडी वेळेवर पोहोचली असती तरी वाचला असता असं सांगता येत नाही. त्या 'तरी'ने बाकीच्यांचं समाधान झालं. भागूबाईच्या मात्र ते उशाशी येऊन बसलं. मावशी पुढे कित्येक दिवस "येतेच आहे" हे शब्द तोंडातून काढेनात. "निघाली की सांगते," एवढंच म्हणायच्या.

त्यानंतर भागूबाईने राखणदार लिहायला घेतला.

तिच्या धंद्यात याला 'डीमन' म्हणतात. म्हणजे पडद्यामागे गुपचूप चालत राहणारा प्रोग्राम. दिसत नाही, हाक मारली तर समोर येत नाही, पण असतो. भागूबाईने ऐकल्याबरोबर त्याचं नाव राखणदार ठेवून टाकलं, आणि ते हॉललाही पटलं. बाजारात असे राखणदार तयार मिळतात, पण इथले सर्व्हर इतके म्हातारे की नवीन काही त्यांच्या पचनी पडत नसे. म्हणून हिने घरचाच घडवला. याने दर मिनिटाला आपल्या सर्व्हरची नाडी बघायची: डिस्क किती भरली, मेमरी किती उरली, अंग तापलंय का, पत्ते पाठवणारा प्रोग्राम श्वास घेतोय ना. आखलेल्या रेषेबाहेर काही गेलं की भागूबाईच्या आणि साहेबांच्या फोनवर मेसेज. त्याचं खातं तिने वेगळं ठेवलं आणि अधिकार अगदी बेताचे दिले. सगळं बघायचं, बोलायचं, पण कशालाही हात लावायचा नाही.

"म्हणजे माझ्या सासूच्या अगदी उलट," मावशी म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी त्या हसल्या होत्या.

चुकेल या भीतीने भागूबाईने त्याला छळ छळ छळलं. खोट्या फायली टाकून डिस्क भरवली, राखणदार ओरडला. मुद्दाम प्रोग्राम बंद पाडले, ओरडला. दुधाने तोंड पोळलेलं, ताक फुंकून प्यायचंच. आणि तरी समाधान होईना, म्हणून तिने आणखी एक सोय केली: बिघाड नसला तरी प्रत्येक राखणदाराने दर तासाला "सर्व ठीक" असा एक मेसेज पाठवायचा.

साहेबांनी हे जेमतेम आठवडाभर सोसलं. साहेब माणूस वाईट नव्हता, पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय. त्यांचा फोन बैठकीत वाजला, जेवताना वाजला, कोणाच्यातरी साखरपुड्यात वाजला. एक दिवस ते हॉलच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "मॅडम, घराला आग लागली तर माणसाने ओरडावं. आग लागली नाही म्हणून दर तासाला ओरडतं का कोणी?"

हॉल हसला. भागूबाईही ओशाळून हसली. ओरडणाराच आधी जळून गेला तर काय, हे उत्तर तिला सुचलं, पण घरी भांडी घासताना. तिला सगळ्यांत जास्त भीती कशाची होती म्हणाल, तर चारचौघांत हसं होण्याची. तिने दुसऱ्याच दिवशी "सर्व ठीक" काढून टाकलं. आता बिघडलं तरच राखणदार बोलणार होता. बोलला नाही म्हणजे सगळं ठीक.

इथे बाबांविषयी सांगायला हवं. बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहत. आई गेल्यापासून भागूबाई त्यांना आपल्याकडे बोलवून थकली. "मी माझ्या घरात राजा आहे," म्हणायचे. शेवटी तडजोड झाली ती अशी: सकाळी चहा झाला की त्यांनी तिच्या फोनवर एक रिंग द्यायची आणि कट करायची. तिने उचलायचा नाही, बोलायचं नाही. रिंग म्हणजे मी आहे. ती वाजली की भागूबाईचा दिवस सुरू व्हायचा.

एक दिवस ती वाजली नाही. भागूबाईने फोन केले, बाबा उचलेनात. ती टॅक्सी करून धावली, शेजारच्या काकूंना गोळा केलं, कुलूपवाल्याला बोलावलं, दार फोडलं. आत कोणी नव्हतं. जिना चढून बाबा वर आले ते केस कापून, मानेवर पावडर, आणि दारात अर्धी बिल्डिंग जमलेली. फोन घरातच चार्जिंगला लावलेला. बाबा मोडलेलं कुलूप तेवढं हातात घेऊन बघत राहिले. भागूबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

राखणदार बसवायचा दिवस आला. भागूबाईने बिनमहत्त्वाच्या सर्व्हरपासून सुरुवात केली आणि पत्तेवाला सगळ्यांत शेवटी ठेवला. दुपारची वेळ, फोन कमी. जीव मुठीत धरून ती एकेक कमांड देत होती. राखणदार बसवताना शेवटी दोन हुकूम द्यावे लागतात. पहिला म्हणजे आत्ता ऊठ. दुसरा म्हणजे हे मशीन बंद होऊन जेव्हा जेव्हा पुन्हा सुरू होईल, तेव्हा तेव्हा तूही ऊठ. पहिला दिला की राखणदार चालू दिसतो. दुसरा दिला नाही तर तो आजच्यापुरताच. बाकीच्या सगळ्या सर्व्हरवर तिने दोन्ही हुकूम दिले होते. पत्तेवाल्यावर पहिला दिला, आणि फोन वाजला.

बाबा. दुपारी कधीच फोन न करणारे बाबा.

"काय झालं बाबा?"

"काही झालं नाही. तेच सांगायला केलाय. ती सकाळची रिंग उद्यापासून बंद."

"अहो पण बाबा—"

"रोज उठून जिवंत असल्याचा दाखला द्यायचा मी? एक दिवस विसरलो तर तू कुलूप फोडून मोकळी. न्हावी विचारतो, काका, घरी सांगून आलात ना? लाज वाटते मला. काही झालं तर करीन की फोन. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं समजायचं. काय?"

काचेपलीकडून साहेब बघत होते. भागूबाईला ते मोडकं कुलूप आठवलं.

"बरं," ती म्हणाली.

फोन ठेवून ती स्क्रीनकडे वळली. राखणदार पत्तेवाल्यावर चालू होता. तिने खोटी फाइल टाकून पाहिली, तो लगेच ओरडला. सगळं व्यवस्थित. कुलूप दोनदा ओढून बघणारी बाई, पण जे ओढून बघितलं ते बंदच निघालं. तिने स्वेटर नीट केला आणि चहाला गेली.

पुढचे दिवस फार शांततेत गेले. राखणदाराचे एकदोन मेसेज आले, तिने वेळीच सफाई केली. साहेब खूश. "बघा, आता कसं," म्हणाले. घरी सकाळी फोन वाजत नसे. भागूबाई तरी चहाच्या वेळी त्याच्याकडे बघायची, मग स्वतःलाच दटावायची: ठीक आहेत, ठीक आहेत म्हणूनच वाजत नाही. एकाआड एक संध्याकाळी ती आपण होऊन फोन करी, आणि बाबा "आहे गं, आहे" म्हणून पटकन ठेवून देत.

मग इमारतीतल्या विजेच्या बोर्डाचं काम निघालं. साहेबांनी रविवार ठरवला, सगळे सर्व्हर रीतसर बंद केले गेले, काम झाल्यावर रीतसर सुरू झाले. आणि जे भागूबाईला माहीत नव्हतं ते आपण बोलून टाकायला हरकत नाही: प्रत्येक सर्व्हरवर राखणदार उठून आपल्या जागी बसला, फक्त पत्तेवाल्यावर उठला नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो नव्हता, म्हणून बोलत नव्हता. आणि बोलत नव्हता, म्हणून सगळं ठीक होतं. तिकडे पत्ते पाठवणारा प्रोग्राम सुरू झाल्यापासून कशावरून तरी बिनसल्यासारखा नोंदींची पानंच्या पानं लिहीत सुटला होता.

तो दिवस उजाडला तो इतर दिवसांसारखाच. आदल्या संध्याकाळी बाबांना फोन करायचा राहिला होता. नवरा परतला होता, त्याचं आवरण्यात विसरलं. सकाळी करू म्हणाली, आणि सकाळी बस निघाली म्हणून धावली.

हॉलमध्ये नेहमीची गजबज होती. वायरलेसवर एका ड्रायव्हरचा आवाज आला. रुग्णवाहिका चौकात लावून तो बसला होता, आणि आवाजात आळस होता. "मावशी, आज फारच निवांत आहे हो. सगळं शहर ठणठणीत दिसतंय."

मावशींचा हात टेबलावरच थांबला. त्यांनी त्याच ड्रायव्हरला नुकताच एक पत्ता पाठवला होता. स्क्रीनवर लिहिलेलं होतं: "पाठवला."

"भागू," मावशींनी काचेवर टकटक केली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "भागू, याला पत्ता गेला नाही गं."

भागूबाईने आधी फोनकडे पाहिलं. मेसेज नाही. म्हणजे राखणदाराच्या मते काही बिघडलेलं नव्हतं. शहाण्या माणसाने अशा वेळी आपल्या यंत्रावर विश्वास ठेवला असता, ड्रायव्हरच्या स्क्रीनला दोष दिला असता. भागूबाईने कशावर विश्वास म्हणून ठेवलाच नव्हता आयुष्यात. ती पत्तेवाल्यावर शिरली आणि पहिला प्रश्न राखणदारालाच विचारला: तू आहेस का?

उत्तर आलं: बंद. बोर्डाच्या कामापासून बंद.

तिने डिस्क पाहिली. काठोकाठ भरलेली होती, तसूभर जागा नाही. त्या जिन्यातल्या माणसाच्या दिवशी होती तशी. कानात "गाडी कुठवर आलीय" असं ऐकू यायला लागलं. तिने ती फुगलेली नोंदींची फाइल शोधली आणि पुसून टाकली. डिस्क पुन्हा पाहिली. अजून काठोकाठच.

हे असं होतं, आणि तिला ते चांगलं माहीत होतं. चालू प्रोग्रामने हातात धरलेली फाइल नुसती पुसून भागत नाही. तो ती सोडत नाही तोवर जागाही सुटत नाही. फाइल पुसायची नसते, रिकामी करायची असते. नवख्या पोरांना हे ती स्वतः शिकवायची. पण पाचावर धारण बसली की माणूस आधी तेच विसरतो जे त्याला पाठ असतं. आता एकच उपाय होता. पत्ते पाठवणारा प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करायचा. तो पुन्हा उठेपर्यंत सगळ्या शहराचे पत्ते अडलेलेच राहणार. आणि त्याला साहेबांची परवानगी लागे.

साहेबांच्या दारावर "बैठक चालू आहे" अशी पाटी होती. भागूबाईने त्या दाराकडे पाहिलं. एरवी तिने तिथे उभं राहून घसा साफ केला असता, आत जाऊ का नको करत. आज दुसरी भीती मोठी होती. ती हॉलमध्ये आली आणि ओरडली. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

"सगळ्यांनी ऐका! स्क्रीनवर 'पाठवला' दिसेल, त्यावर विश्वास ठेवू नका. मी सांगेपर्यंत प्रत्येक पत्ता वायरलेसवर वाचून दाखवा. ड्रायव्हरने परत म्हणून दाखवला तरच गेला."

कोणी हसलं नाही. एकेक आवाज पत्ते वाचायला लागला. भागूबाई परत काचेशी गेली आणि प्रोग्राम बंद केला. तो बंद व्हायला वेळ लावत होता, आणि तेवढ्यात सुरूच झाला नाही तर काय करायचं याची सगळी चित्रं तिच्या डोळ्यांपुढून गेली. मग तो उठला. डिस्क मोकळी झाली.

वायरलेसवर तोच ड्रायव्हर, आळस पार उतरलेला: "मावशी, आले! एकदम चार-पाच पत्ते आले!"

मावशींनी हेडफोन काढून डोळे पुसले आणि परत लावला. आधी वाचून दाखवलेल्या पत्त्यांकडे गाड्या केव्हाच निघाल्या होत्या.

भागूबाई खुर्चीत बसली. तिने राखणदाराला उठवलं, आणि मग तो दुसरा हुकूम टाइप केला. करता करता बोटं थांबली. हा दिला कसा नाही आपण? आपण? आणि तिला ती दुपार आठवली. फोन वाजला होता. याच जागी, या दोन ओळींच्या मध्ये. बाबा म्हणाले होते, फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं समजायचं.

आणि ती "बरं" म्हणाली होती.

तिने बाबांचा नंबर लावला. रिंग जात राहिली. पुन्हा लावला, पुन्हा गेली. शेजारच्या काकू लेकीकडे गेलेल्या. अंघोळीला असतील. खाली उतरले असतील. न्हाव्याकडे असतील. मानेवर पावडर आणि हातात मोडकं कुलूप घेतलेले बाबा तिला लख्ख दिसले, आणि जमलेली ती बिल्डिंगही. पुन्हा तेच केलं तर ते आयुष्यात बोलणार नाहीत. थांबावं थोडं. फोन नाही म्हणजे ठीक. ठीकच असतील.

पण आत्ताच, याच खुर्चीत, तिने 'फोन नाही म्हणजे ठीक' याचा अर्थ डोळ्यांनी वाचला होता.

ती मावशींच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. "मावशी, एक पत्ता घ्या."

"चाचणीचा ना?"

"नाही. माझ्या बाबांचा."

मावशींचे हात आपोआप कीबोर्डवर गेले. "काय होतंय त्यांना?"

"माहीत नाही."

"छातीत? श्वास?"

"माहीत नाही हो मावशी. फोन उचलत नाहीयेत."

नुसता फोन उचलत नाही म्हणून गाडी पाठवायची नसते, असा नियम होता, आणि मावशींनी तो आयुष्यभर इतरांना ऐकवला होता. त्यांनी भागूबाईकडे पाहिलं आणि टाइप केलं: वृद्ध, एकटे, प्रतिसाद नाही. स्क्रीनवर आलं, "पाठवला." दोघींनीही त्याच्याकडे बघितलं नाही. दोघी वायरलेसकडे बघत होत्या.

"पत्ता मिळाला," वायरलेस म्हणाला. ड्रायव्हरने पत्ता म्हणून दाखवला. "निघालो."

भागूबाई तिथेच उभी राहिली. नकाशावर एक ठिपका सरकत होता. सिग्नलला थांबला, पुन्हा सरकला. तिने देवाला काही मागितलं नाही. फक्त मनात म्हणत राहिली, न्हाव्याकडे असू दे. हसू देत सगळे. रागावू देत. पुन्हा कधी बोलू नयेत माझ्याशी. न्हाव्याकडे असू दे.

ठिपका थांबला. बराच वेळ काही नाही. हॉलमध्ये फोन वाजत होते, लोक घेत होते, पण ज्याला जमेल तो कान इकडे देऊन होता. साहेबही बैठक सोडून बाहेर येऊन उभे होते, आणि कोणीतरी त्यांना हळू आवाजात सगळं सांगत होतं.

"दार फोडलं," वायरलेस म्हणाला. "बाथरूममध्ये आहेत. पडलेत." मग खरखर. मग तोच आवाज, "मावशी, आहेत. गार पडलेत, पण आहेत. बोलतायत. दार का फोडलं म्हणून विचारतायत."

भागूबाई खाली बसली. खुर्ची नव्हती तिथे, फरशीवरच बसली, आणि मोठ्याने रडली. साहेबांनी काचेशी जाऊन तिचा स्वेटर आणला. तो तिच्या खांद्यावर टाकला.

बाबांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. पहाटे पाय घसरला, तेव्हापासून ते ओल्या फरशीवर पडून होते. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत तसेच राहिले असते तर अवघड होतं. यावेळी डॉक्टरांनी 'तरी' म्हटलं नाही. वॉर्डात भागूबाई खाटेशी बसली तेव्हा बाबा छताकडे बघत होते.

"फोन वाजत होता बाहेर," ते म्हणाले. "ऐकू येत होता. तुझाच असणार, माहीत होतं." त्यांचा आवाज चिरकला. "काही झालं तर करीन म्हणालो होतो ना मी? झालं, तेव्हा फोन टेबलावर आणि मी खाली. हाका मारल्या. मग घसा बसला. मला फार भीती वाटली गं भागू."

आयुष्यात पहिल्यांदा बाबा तिला असं काही म्हणाले होते. तिने त्यांचा हात धरला. भिऊ नका, असं तिला म्हणवेना. ते तिला कोणी म्हटलेलं तिलाही कधी उपयोगी पडलं नव्हतं.

ऑफिसात तिने "सर्व ठीक" पुन्हा चालू केलं, आणि एखाद्या राखणदाराकडून ते वेळेवर आलं नाही तर हॉलमध्ये घंटा वाजेल अशी सोय केली. साहेबांचा फोन दर तासाला वाजायला लागला. एकदा ते अगदी नरमाईने म्हणाले, "मॅडम, थोडं कमी नाही का करता येणार?"

"नाही साहेब," भागूबाई म्हणाली. "कटकट झाली तरी ती राहील." साहेबांनी फोन खिशात टाकला आणि ते गेले.

बाबा यथावकाश घरी आले, काठी घेऊन. पुन्हा स्वतःच्याच घरी. राजा तो राजाच. त्यानंतरच्या पहिल्या सकाळी भागूबाई ओट्याशी उभी होती, चहा गाळलेला, फोन समोर. चहाची वेळ झाली. चहाची वेळ टळली. ती फोनला हात लावत नव्हती आणि डोळेही काढत नव्हती. टॅक्सी, कुलूपवाला, रुग्णवाहिका, सगळं एकामागून एक डोक्यात येऊन रांगेत उभं राहिलं.

फोन एकदा वाजला आणि बंद झाला.

तिने कप उचलला आणि एक घोट घेतला. चहा निवला होता. आणि तिथल्या तिथे, घोट उतरतो न उतरतो तोच, उद्याच्या रिंगेची भीती तिच्या पोटात नेहमीच्या जागी येऊन बसली.